धवळ्यातल्या मोकळ्या जागा

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो... जेवताना, तोंडी लावायला. वाचून झालं की बायकोला म्हणतो, "बघ, हा रात्री दाबून मटण खाऊन उताणा झोपला असणार." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुमच्यासारख्यालाच एक दिवस दाखवायला पाहिजे." तर झालं तिच्या मनासारखं. म्हणून आज वाचणाऱ्यांतून उठून लिहिणाऱ्यांत येऊन बसलोय. मोबाईलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो. शहापूरला माझं छोटं दुकान आहे. घरोघरी वायफाय, कॅमेरे, स्पीकर बसवून देणं हा धंदा. बंगलेवाल्यांच्या फार्महाऊसपासून भातसानगरच्या क्वार्टर्सपर्यंत सगळीकडे माझ्या वायरी लोंबकळतायत. भगत, करणी, लागीर, झपाटणं — यातलं मला कधीच काही पटलं नाही. सिग्नल एकतर येतो नाहीतर येत नाही, आणि येत नसेल तर त्याला कारण असतं. पत्रा असतो, लोखंडी कपाट असतं, शेजाऱ्याचा राउटर असतो. कारण सापडेपर्यंत मी जागचा हलत नाही, आणि सापडेपर्यंत कोणी मध्ये बोललं तर अंगावर जातो. स्वभाव तापट आहे, तो काही लपवत नाही.

गेल्या माघातली गोष्ट. अविनाश नावाच्या एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे तिशीचा, कल्याणला नोकरीला. त्याचे आईवडील डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर राहतात. पाड्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या वडिलांनी नको म्हटलंय.

"काका, आईला गाणी ऐकवायचीत. घरात ती जिथे असेल तिथे गाणं पोचलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन जा की लेका. मला कशाला एवढ्या लांब पळवतोस?"

"नेला होता. बाबा तो हातात घेऊन तिच्यामागे फिरत बसतात. फोन लांब राहिला की गाणं बंद. आणि मोबाईलचं नेटवर्क आमच्याकडे फक्त एका जांभळीखाली येतं. म्हणून डोळखांबवरून वायर ओढून घेतलीय. आता पुढचं तुम्ही बघा."

मग त्याने आईचं सांगितलं. आई म्हणजे बायजाबाई, आणि बायजाबाई म्हणजे त्या भागातल्या धवळारीण. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवळारीण लागते. मांडव, हळद, पाठवणी, प्रत्येकाचा वेगळा धवळा असतो, म्हणजे लग्नातलं गाणं. ती गायल्याशिवाय हळदीच्या वाटीला कोणी हात लावत नाही. बायजाबाई चाळीस वर्षं गात होत्या. एकही ओळ कुठे लिहिलेली नाही, सगळं डोक्यात. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा पूर्ण गेली. डॉक्टरांनी सांगितलं, तिचीच गाणी तिला ऐकवत राहा, त्यातून शब्द परत येऊ शकतो. पण वर्षाच्या आत यायला हवा, पुढे अवघड होत जातं.

"बाबा स्वतःहून काही बोलत नाहीत हो," अविनाश म्हणाला. "पण रोज संध्याकाळी फोन केला की एवढंच सांगतात... आज पण नाय बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सामान गाडीत टाकलं आणि निघालो.

पाडा निम्मा रिकामा होता. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पाऊस तोंडावर आला की परततात. बऱ्याच घरांना कड्या. गुरुजींचं घर मात्र शेणाने सारवून लख्ख. गुरुजी म्हणजे अविनाशचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. सत्तरीला आलेला किडकिडीत माणूस, पांढरी टोपी, आणि हातात कायम काहीतरी... पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली, बायकोच्या पाठीला लावायची उशी. मी पोचलो तेव्हा ते तिचे केस विंचरत होते. ओटीवर, उन्हात. माझ्यासमोर अजिबात लाजले नाहीत. "बसा, वेणी घालून होऊ दे," म्हणाले. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. वीस वर्षांच्या संसारात मी बायकोला कंगवा शोधूनसुद्धा दिलेला नाही.

घराचा नकाशा समजून घ्या, पुढे कामाला येईल. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी. सकाळी बायजाबाईंची खाट ओटीवर उन्हाला, दुपारी पडवीत गारव्याला, रात्री माजघरात. म्हणून मी वायफायचे तीन डबे आणले होते. मुख्य डबा ओटीवर, तिथून सिग्नल झेलून पुढे टाकणारा दुसरा माजघरात, तिसरा पडवीत. प्रत्येकाला एकेक स्पीकर. एकच गाणं तिन्हीकडे एकाच वेळी वाजायचं, म्हणजे खाट कुठेही हलवा, गाणं तुटणार नाही. भिंती कुडाच्या, वर शेणमातीचा लेप, त्यातून सिग्नल मजेत जातो. आडवी येत होती ती माजघराच्या मागच्या बाजूची धान्याची पत्र्याची कोठी. तिच्यापलीकडे, पडवीत, मीटर शून्य. शिवाय पडवीत विजेचं बटणच नव्हतं. म्हणून तिसरा डबा आणि त्याचा स्पीकर तसेच पॅकबंद, मी पडवीतल्या जात्यावर ठेवून दिले. म्हटलं, आधी पुढचे दोन चालू करू, मग मागे वायर ओढू.

अकरा-साडेअकराला दोन डबे लागले. गुरुजींनी आणि मी मिळून खाट माजघरात आणली. गुरुजी शेजाऱ्यांच्या गोठ्यात चाऱ्याचं बघायला गेले, कारण ती माणसं भट्टीवर आणि त्यांचे बैल गुरुजींच्या भरवशावर. अविनाशने आईच्या नावाने गाण्यांची यादी करून ठेवली होती, त्यातला पहिला धवळा मी लावला. त्यानेच एका लग्नात मोबाईलवर रेकॉर्ड केलेला.

आणि आवाज आला...

काय आवाज होता हो! सुरेल वगैरे म्हणणार नाही. रापलेला, रुंद, चार घरं ओलांडून जाणारा. माइक नसताना भर मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मी स्पीकर विकतो, मला कळतं आवाज म्हणजे काय.

*मांडवाच्या दारी गो, उभा कोण राहिला?*

आणि गाणं बंद.

झालं! मी म्हटलं, बफरिंग. पाच-सहा सेकंद थांबलो, वैतागून गाणं थांबवलं, डब्याचं चॅनल बदललं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. *मांडवाच्या दारी गो, उभा कोण राहिला?*... बंद. पुन्हा तोडलं. ओटीवरचा डबा दोन हात सरकवला. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. जांभळीखाली जाऊन वायरवाल्याला फोनवर झापलं, "तुझ्या लाइनचा स्पीड बघ आधी!" तो बिचारा शपथा घेत होता. परत आलो, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मीटर दाखवतोय फुल्ल सिग्नल आणि गाणं त्याच जागी गप्प. पाच वेळा केलं मी हे. पाच की सहा.

माझं लक्ष सगळं मोबाईलकडे. खाटेकडे बघितलंच नाही. खट् खट् खट् असा आवाज येत होता तो मला कोंबडीबिंबडीचा वाटला. तेवढ्यात दारातून एक म्हातारी वाऱ्यासारखी आत शिरली.

"आरे ए! काय मांडलायस काय हा?"

ही पारूबाई. गुरुजींची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. मी म्हटलं, "मावशी, टेस्टिंग चाललंय. जरा थांबा."

"खड्ड्यात गेली तुजी टेस्टिंग! धवळा अर्ध्यात तोडतोस? आमच्यात असा तोडत नाय. तोंडातून सुटला की पुरा करायचा, मग आभाल कोसळू दे. मी घरातून ऐकतंय, एकदा नाय, धा वेळा तोडलास! तिच्याकडं बग जरा, डोले फुटले का तुजे?"

मी वळून बघितलं. बायजाबाई डाव्या हाताची मूठ खाटेच्या लाकडावर आपटत होत्या. खट् खट् तो होता. डोळ्यांतून धारा. तोंड उघडायचं, जीभ हलायची, आणि आवाज काही निघायचा नाही. ती बाई मघापासून मला 'थांब' म्हणत होती, आणि मी डबे सरकवत होतो. इतकं कानकोंडं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

गुरुजी धावत आले. त्यांनी आधी बायकोची मूठ हातात घेतली, मग काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, "गुरुजी, चूक झाली. पण लाइनमध्ये फॉल्ट आहे, एक ओळ झाली की गाणं अडकतंय."

"अडकत नाय," गुरुजी म्हणाले. "ती जागा आहे."

"कसली जागा?"

मग त्यांनी सांगितलं. धवळा दोघींचा असतो. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. बायजाबाई विचारायच्या आणि त्यांची सोबतीण चंद्रा सांगायची. ह्याच पाड्यावरची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, याच पडवीत जात्यावर बसून जुन्या धवळारणीकडून शिकल्या, आणि तेव्हापासून जोडीने गायल्या. दोन वर्षांपूर्वी चंद्राबाई भट्टीवर तापाने गेल्या. त्यानंतर पुतण्याच्या लग्नात बायजाबाई एकट्या उभ्या राहिल्या. बायका म्हणाल्या, आम्ही झेलतो तुझी ओळ. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः विचारायच्या, आणि चंद्राच्या ओळीला लागायचा तेवढा वेळ गप्प उभ्या राहायच्या. अख्खा मांडव गप्प. मग पुढचा प्रश्न. हे रेकॉर्डिंग त्याच लग्नातलं.

"एक बाई मधे बोलली," पारूबाई म्हणाली, "तर वैनीनं असा डोला वटारला का ती बाई जेवायला पन थांबली नाय."

मानलं मी त्या बाईला. भर लग्नात, तीनशे माणसांपुढे, मेलेल्या मैत्रिणीची जागा कोणाला द्यायची नाही म्हणजे नाही. आणि त्या जागेला मी बफरिंग समजलो होतो.

"आता पुरा लाव," पारूबाई म्हणाली. "मधे हात लावलास तर बग."

मी पहिल्यापासून लावलं. काम झालं की गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवायची माझी पद्धत आहे, म्हणून दुसरा फोन कोठीला टेकवून रेकॉर्डिंगवर ठेवला. समोर खाट, खाटेवर बायजाबाई, उशाशी गुरुजी, पायाशी पारूबाई, आणि कडेला मी. हे नीट लक्षात ठेवा. घरात चौघंच होतो. भर दुपारचे बारा वाजलेले.

*मांडवाच्या दारी गो, उभा कोण राहिला?*

मोकळी जागा आली. मी मनात सेकंद मोजायला लागलो. एक, दोन...

*उंबराची डहाळी घेऊन, मामा आला, मामा आला.*

पडवीतून.

बारीक आवाज, थोडा नाकातला, पण सुराला पक्का. मला वाटलं पारूबाई गायली. बघतो तर ती माझ्यासमोर, तोंडाला पदर लावून उभी, डोळे पडवीच्या दाराकडे. गुरुजी माझ्याकडे बघत होते. नंतर ते म्हणाले, त्यांना वाटलं मीच काहीतरी दुसरं रेकॉर्डिंग मागे लावलंय. माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? एको. पडवीवरून आवाज आपटून येतोय. पण एको आपण बोललेलंच परत बोलतो हो, उत्तर देत नाही!

*हळदीच्या वाटीला गो, हात कोणी लावला?*

*चुलतीने लावला, मावशीने लावला.*

दारापर्यंत दहा पावलं होती, जाऊन बघायचं ना? नाही गेलो. पाय उचलले नाहीत असं नाही... बायजाबाईंचा चेहरा बघितला म्हणून नाही गेलो. त्यांची मूठ उघडली होती. मान किंचित तिरकी, आणि तोंडाची जी बाजू हलत होती त्या बाजूने हसत होत्या. घाबरल्याचं नाव नाही. ओळखीचं माणूस उशिरा का होईना आलं, तसा चेहरा.

तिसरा प्रश्न, पडवीतून उत्तर. चौथा प्रश्न—

*नवरीच्या डोईवर गो, पदर कोणी धरला?*

आणि कुट्ट करून स्पीकर बंद. या वेळी खरोखरच बंद. गुरुजी पुटपुटले, "लग्नात अविनाशच्या फोनची बॅटरी संपलेली... रेकॉर्डिंग एवढंच आहे."

पारूबाईचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे धवळा पुन्हा अर्ध्यातच! पडवीतून ओळ आली —

*सयेने धरला, सयेने धरला.*

आता पुढचा प्रश्न कोण विचारणार? विचारणारीचा आवाज यंत्रात होता आणि यंत्रातलं संपलं होतं. मी काहीतरी करायचं म्हणून मोबाईलकडे झेपावलो, तर गुरुजींनी माझं मनगट पकडलं. त्या किडकिडीत माणसाची पकड अजून आठवते मला. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

बायजाबाईंनी श्वास घेतला. ओठ वाकडे झाले. आधी नुसता घशातला घरघराट, मग एक सूर, आणि त्या सुराच्या मागून शब्द निघाले. तुटके, जड, अर्धे गिळलेले, पण निघाले.

*पा... पाठवणीच्या वाटेला गो... पाणी कोणी शिंपलं?*

गुरुजींच्या तोंडून "अगो बाय" एवढंच निघालं. आठ महिने! दोनशे चाळीस संध्याकाळी "आज पण नाय बोलली" सांगणारा माणूस तो. मी तोपर्यंत रडायला लागलो होतो आणि मला पत्ता नव्हता.

पडवीतून उत्तर आलं. बायजाबाईंनी पुढचं विचारलं. पुन्हा उत्तर आलं. असे चार प्रश्न झाले, की पाच, मोजायच्या अवस्थेत कोण होतं! प्रत्येक ओळीला त्यांचा शब्द थोडा जास्त सुटा होत गेला. सूर तर पहिल्यापासून सरळ होता. एकही जागा चुकली नाही, चंद्राबाईंच्या ओळीला लागतो तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. शेवटची ओळ दोघींनी मिळून घेतली. खाटेवरून एक, पडवीतून एक. आणि धवळा पुरा झाला.

तेव्हा कुठे माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. मी पडवीत धावलो. मागच्या दाराला आतून कडी. माणूस नाही. पलीकडे वाळलेलं शेत, त्यात लपायला आडोसा नाही. जात्यावर तिसरा डबा जसाच्या तसा, कंपनीची चिकटपट्टी न फाडलेली. शेजारी स्पीकर, थर्माकोलमध्ये. पडवीत वीज नाही, डब्याला बॅटरी नसते. मोबाईलमध्ये ॲप उघडलं. जोडलेले डबे, दोन. तिसरा दिसला असता तर खरं तर मला बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, कसा का होईना, लागला असेल.

मी आत येऊन ओरडलो, "गुरुजी! तिथे कोणी नाही! डबासुद्धा पॅक—"

"गप रे!" पारूबाई खेकसली. "ती काय विचारतेय ते ऐक आधी."

कोणाला माझ्या डब्याशी घेणंदेणं नव्हतं. बायजाबाई नवऱ्याकडे बघून काहीतरी म्हणत होत्या. गाण्यात सुटलेला शब्द बोलताना पुन्हा जड झाला होता. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा कळलं.

"न... नवरी... कोन?"

बरोबरच होतं त्यांचं. लग्नाचा धवळा पुरा गायला, तर मग नवरी कोण, हे विचारायला नको?

गुरुजींनी डोळे पुसले, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "तूच गो. दुसरी कोण असणार?"

बायजाबाई अर्ध्या तोंडाने हसल्या आणि डाव्या हाताने पदर ओढून चेहरा झाकून घेतला. बासष्ट वर्षांची बाई, नव्या नवरीसारखी लाजली. पारूबाई हसत होती, रडत होती, आणि "म्हाताऱ्याला आता शिंगं फुटली बगा," असं मलाच सांगत होती.

तिसरा डबा लावायला मी मागे वायर ओढू लागलो तर पारूबाईने अडवलं. "तितं कशाला? तितं हाय ना ती." इतक्या सहज, जणू मागे कोणी भाजी निवडत बसलंय. गुरुजी शिकलेले, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फक्त डबा उचलून माझ्या पिशवीत घातला.

आता कारणं. कारण सापडेपर्यंत मी हलत नाही, हे सांगितलंच आहे. बायजाबाई कशा गायल्या, त्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतं म्हणे, बोलता न येणारी माणसं कधी कधी गातात. पटलं. आता त्या पाच-पन्नास शब्द बोलतात, आणि गुरुजींना हाक मारतात. पण पडवीतलं काय? चंद्राबाईंचं रेकॉर्डिंग? कोणाकडेच नाही, त्यांचा आवाज कधी कोणी रेकॉर्ड केलेलाच नाही. पाड्यावरची दुसरी कोणी? तो धवळा पूर्ण येणारी एकही बाई आता उरलेली नाही, असं पारूबाई छातीवर हात ठेवून सांगते. आम्हा तिघांना भास? मला तर ओळीही पाठ झाल्यात, ज्या मी आधी जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्या गुरुजींना म्हणून दाखवल्या. शब्दाला शब्द बरोबर निघाल्या.

आणि व्हिडिओ. घरी आल्यावर हेडफोन लावून वीसेक वेळा बघितला. रेकॉर्डिंगचा आवाज आहे, पुढे बायजाबाईंचा आहे, माझं नाक ओढणंसुद्धा आहे. पडवीतला आवाज नाही. मोकळ्या जागा मोकळ्याच आहेत. बायजाबाई प्रश्न विचारतात, थांबतात, हसतात, मान डोलावतात, पुढचा प्रश्न विचारतात. शेवटची ओळ त्या एकट्याच गातात.

व्हिडिओ मी अविनाशला पाठवला. पडवीचं काही सांगितलं नाही. म्हटलं, पोराला आईचा आवाज ऐकू दे आधी. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. बराच वेळ नुसता रडत होता. मग म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "अरे, माझं काही नाही त्यात, मी फक्त दोन डबे लावले." हे अगदी खरं होतं.

मग त्याने वेगळंच विचारलं.

"काका, एक विचारू? आई मधे मधे गप्प होते ना... तेव्हा तुम्ही तिघंही एकदम पडवीकडे का बघताय?"

मी म्हटलं, गाडी चालवतोय, नंतर बोलतो. तेव्हापासून त्याने दोनदा विचारलंय आणि मी दोनदा टाळलंय.